चिकटलेली शेवटची दोन पानं

"अता, तुमचं पुस्तक शेवटपर्यंत कुणी वाचलंय का हो?"

मित्रांनो, हा प्रश्न तोग्झानने भर वर्गात विचारला, तेव्हा मी तिच्याच बाकावर पडले होते. प्रश्न तसा तिचा नव्हता. मागून मोल्दीरने पैज लावली होती, "विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी वाहीन. पण तू कसली विचारतेस, भित्री कुठली!" झालं! तोग्झान ताडकन उभी राहिली. अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. फळ्यापाशी उभे असलेले पाहुणे, म्हातारे नुरपेइस-अता, तेवढे हसले नाहीत. अता म्हणजे आमच्याकडे आजोबा.

त्यांचं उत्तर सांगते, पण आधी माझी ओळख.

मी एक जुनी प्रत आहे, 'ऐंशी उंटांच्या गोष्टी' या पुस्तकाची. नुरपेइस-अता चाळीस वर्षं आमच्या काझाली गावात आणि भोवतीच्या माळावर उंटांचे डॉक्टर होते. नोकरी संपल्यावर एकेक उंट आठवून त्यांनी हे पुस्तक लिहिलं. छापखान्यात आम्ही पाचशे बहिणी एकदम जन्मलो. काय तो ताज्या शाईचा वास! पण कापणाऱ्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे, आमच्या शेवटच्या दोन पानांच्या कडा कापायच्याच राहिल्या. पाकिटासारखी बंद! आत ऐंशीवा उंट. सुरी लावल्याशिवाय तो कुणाला दिसणार नव्हता.

आमच्याकडे मूल चालू लागलं की त्याच्या पायांना काळापांढरा दोरा बांधतात आणि मानाच्या माणसाकडून तो कापून घेतात, म्हणजे ते पुढे न अडखळता धावतं. नव्या पुस्तकाचंही तेच करतात. अतांनी घोडा कापला, दीडशे माणसं जेवायला बोलावली. दोरा बांधलेली प्रत कोणती? मीच की! दोरा कापला तोग्झानच्या वडिलांनी. सागिंदिक त्यांचं नाव, गावातले बोलघेवडे. कात्री खाली ठेवून त्यांनी पेला उचलला.

"काय लिहिलंय, काय लिहिलंय! एका बैठकीत वाचलं मी. शेवटाला तर डोळ्यांत पाणी आलं!"

मित्रांनो, मी तिथेच होते. मला अजून कुणी उघडलंसुद्धा नव्हतं.

मग काय, जो उठला तो माझं कौतुक करूनच बसला. ज्याने त्याने अतांच्या खांद्यावर एकेक भरजरी अंगरखा चढवला. तेरा अंगरख्यांखाली म्हातारा दिसेना. आणि अतांनी प्रत्येकाच्या हातात आमच्यातल्या तीन-तीन प्रती दिल्या, एक तुला, एक भावाला, एक सासुरवाडीला. घरी आलेल्या पाहुण्याला का कुणी पुस्तक विकतं? एका दिवसात साडेचारशे बहिणी पांगल्या. अतांना वाटलं, साडेचारशे वाचक मिळाले.

मला मिळालं सागिंदिकांच्या घरचं काचेचं कपाट, बिलोरी पेल्यांच्या मध्ये. चार वर्षं! दर शुक्रवारी माझी धूळ मात्र पुसली जायची हं.

घराबाहेरचं काही दिसायचं नाही, पण कानावर पडायचं. तोग्झानची आपा, म्हणजे आई, स्टेशनवर खरबुजं विकते. ती येऊन सांगायची, "म्हातारा आजपण उरलेली पुस्तकं घेऊन आला होता. गाडी थांबते बारा मिनिटं. एका उतारूने विचारलं, 'याच्याबरोबर मासा फुकट आहे का?'"

शेजारी धुरावलेले मासे विकणारी कुल्याश एकदा अतांना म्हणाली म्हणे, "अता, माझा मासा मी ओरडून विकत नाही, वास विकतो त्याला. तुम्ही पुस्तक पिशवीत बांधून ठेवलंत, तर लोकांना वास कसा यायचा? वाचून दाखवा की!"

तेव्हापासून अता फलाटावर मोठ्याने वाचू लागले. लोक खिडक्यांतून डोकी काढून ऐकायचे, हसायचे. पण गोष्ट रंगात आली की शिट्टी व्हायची. शेवट कुणी ऐकलाच नाही. मग भाच्याने मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ टाकला. तो चौदा वेळा पाहिला गेला. त्यांतल्या नऊ वेळा अतांनीच पाहिला होता.

आणि मग शाळेचं बोलावणं आलं. बाईंनी फर्मान काढलं, घरची प्रत घेऊन या. म्हणून मी तोग्झानच्या बाकावर होते.

"नाही, पोरी," अता म्हणाले. "कुणीच नाही वाचलं. शेवटची दोन पानं जोडलेली आहेत, सगळ्या प्रतींत. मी मुद्दामच गप्प राहिलो. म्हटलं, वाचणारा भांडायला येईल, 'म्हाताऱ्या, शेवट कुठे आहे?' दारावर थाप पडली की आधी पानं कापून द्यायला सुरी शोधायचो. चार वर्षं झाली."

बावीस मुलांनी बावीस प्रती उघडल्या. बावीसही बंद. मग कुणी हसलं नाही. अतांनी टोपी उचलली आणि गेले. मोल्दीरने गुपचूप तोग्झानचं दप्तर उचललं, तर तोग्झानने ते हिसकावून घेतलं.

शनिवारभर तिने मला वाचलं. एकोणऐंशी उंट संपल्यावर पावाची सुरी आणली. कर्र! मित्रांनो, माझा दोरा खरा कापला गेला तो त्या दिवशी.

ऐंशीवी उंटीण एका विधवेची होती. तिला तपासायला अता गेले, तेव्हा शेजारच्या घरी मेजवानी मांडलेली होती. उंटिणीकडे न बघताच त्यांनी 'निरोगी' म्हणून सही केली आणि जेवायला बसले. आठवड्यात उंटीण मेली. बाईकडे दुसरं काही नव्हतं. शेवटची ओळ होती, "बिबिझार, तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितो. मला माफ कर."

तोग्झान मला काखेत मारून धावतच सुटली.

"अता, वाचलं! शेवटपर्यंत वाचलं! चला, बिबिझार-आजींकडे जाऊ!"

अता अंगणात बसले होते. त्यांनी माझ्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"उशीर झाला, पोरी. ती गेल्या हिवाळ्यात गेली. मी सांत्वनाला गेलो होतो. तिच्याही कपाटात एक प्रत होती, पुसूनबिसून ठेवलेली. उघडून बघितली मी. पानं जोडलेलीच."

"आणि उरलेल्या प्रती?"

"आज सकाळी कुल्याशला दिल्या. मासे बांधायला होतील."

"मी आहे ना! मी लोकांना सांगेन. आपण दोघं..."

"जिच्यासाठी लिहिलं, तीच राहिली नाही. आता लोकांना सांगून काय करू?" त्यांनी मला तिच्या हातात परत दिलं. "जा, आई वाट बघत असेल."

मित्रांनो, लिहिणाऱ्याला अंगरखा घालू नका. आम्हाला काचेत बसवून पुसू नका. आमची कड फाटली तरी चालेल, पण उघडा, आणि वेळेत उघडा. माझ्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे.

घरी चहा मांडला होता. सागिंदिकनी सवयीने माझ्यासाठी कपाटाचं दार उघडलं. तोग्झानने ते लावून टाकलं. वडिलांना ती 'कोके' म्हणते.

"कोके, आपा, मी ठरवलंय. उद्यापासून दर रविवारी गाडीला मी वाचणार. शेवटची गोष्ट आधी."

"अगं, विकायला एक प्रत उरलेली नाही," आपा म्हणाली. "कशाला मग?"

"विकायला नाही, आपा." मग तिने वडिलांकडे पाहिलं. "आणि कोके, वाचायच्या आधी मी सांगणार आहे, की याचा दोरा कापला माझ्या वडिलांनी, आणि त्यांनी हे वाचलेलं नव्हतं."