अर्धा तांब्या

तुळशीच्या बुडाशी खुरपं घालण्याआधी तानाबाईंनी तिच्यापुढे उदबत्ती लावली, हळद-कुंकू वाहिलं आणि पुटपुटत माफी मागितली. मग पदर खोचून त्या ओट्यापाशी बसल्या. रविवार नको, एकादशी नको, द्वादशी तर नकोच, असं करत त्यांनी हे काम पंधरवडाभर पुढे ढकललं होतं. आज सोमवार. आता ढकलायला वारच उरला नव्हता.

"काकू, मुळं सांभाळा बरं," पहारीवर हात टेकून उभा असलेला लखन म्हणाला. "एक जरी तुटलं तं काकाजी तिथूनच काठी फेकून मारतीन मले."

व्हरांड्यात खुर्चीवर बसलेल्या घनश्यामरावांनी खरोखरच काठी फरशीवर आपटली. एकदा, मग पुन्हा दोनदा.

"पाहा! म्हनलं नोतं?" लखन हसला.

तानाबाई हसल्या नाहीत. सकाळपासून हे असंच चाललं होतं. अकरा महिन्यांपूर्वी घनश्यामरावांची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. तेव्हापासून मिळेल ते ते मुकाट घेत. आंघोळ, औषध, फिजिओवाल्याची ओढाताण, कशालाच नाही म्हणत नसत. आज मात्र लखन पहार घेऊन आल्यापासून त्यांच्या तोंडातून नुसता 'हं हं' असा ओढलेला आवाज येत होता आणि डावा हात खुर्चीवर स्थिर राहत नव्हता.

"अवो, काहून जीव काढून राह्यले?" तानाबाई तिथूनच म्हणाल्या. "नाही मरू देत तिले. कुंडीत लावतो, आन् दोन दिसात इथंच आणतो. झालं?"

काठी पुन्हा आपटली.

मुलानं, इंद्रजितनं, विजेवर चालणारी गाडी घेतली होती. तिला घरी चार्ज करायचं तर नवं अर्थिंग हवं, असं गाडीवाल्यांनी लिहून दिलं होतं. जुनं अर्थिंग तुळशीच्या ओट्याखाली होतं. ते काढायचं आणि तिथेच नवं बसवायचं. इंद्रजित सकाळीच शोरूमला निघून गेला होता. मजूर आलाच नाही, म्हणून पन्नाशीच्या लखननं स्वतःच बाह्या वर सारल्या होत्या. तो तांड्यावरचा. घनश्यामरावांच्या हाताखाली शिकून आता आर्णीतला मोठा ठेकेदार झाला होता, पण या अंगणात आला की अजून चपला फाटकाबाहेर काढत असे.

तुळस मातीच्या गोळ्यासकट सुटून आली. तानाबाईंनी ती पोटाशी धरून कुंडीत ठेवली. लखननं ओट्याच्या विटा हलवायला सुरुवात केली.

ओट्याला लागून जमिनीतून एक लोखंडी नळी वर आलेली होती. तिचं तोंड नरसाळ्यासारखं. रोज सकाळी आंघोळ झाली की तानाबाई तांब्या घेऊन येत, अर्धं पाणी तुळशीला घालत आणि उरलेलं अर्धं त्या नळीत. खालची जमीन ओली राहिली तरच अर्थिंग जिवंत राहतं, असं घनश्यामराव सांगत. "अर्धा तांब्या तुह्या देवीले, अर्धा मायावाल्या नळीले," असं त्यांनी म्हटलं होतं. ते देवळात जाणारे नव्हते. पण नवऱ्यानं आपल्या नेमात हा अर्धा वाटा मागितला, याचं तानाबाईंना मनातून बरं वाटलं होतं. एकतीस वर्षांत त्या एकदाही चुकल्या नव्हत्या.

"आता हे पाणी टाकाची कटकट गेली काकू," विटा रचत लखन म्हणाला. "नव्यात पावडर असते. दहा वर्षं पाहाची गरज नाही."

"म्हंजे मायं काम गेलं म्हन ना."

"रिटायर झाल्या तुमी. पेन्शन मागा इंद्रजितभाऊले."

घनश्यामराव मुकुटबनकडच्या आपल्या गावाहून आर्णीत आले ते चौऱ्याहत्तर साली. सायकल, पक्कड, आणि कापडी पिशवीत बारा बल्ब, एवढंच घेऊन. गावात तेव्हा विजेचं दुकान नव्हतं. लोक बटणाला हात लावायला भीत. फिटिंग झालं की ते घरच्या बाईला पुढे बोलावत आणि तिच्या हातानं पहिला दिवा लावून घेत. बाया दिव्यालाच नमस्कार करत. मग कापसाचं जिनिंग आलं, बसस्टँड झाला, एकेक कॉलनी वाढत गेली, आणि 'लाईटवाले घनश्यामभाऊ' बोलावल्याशिवाय कुणाच्या घराला मीटर लागत नव्हतं. इतर लोक जमिनीत एक नळी ठोकून मोकळे होत; ते आठ फूट खड्डा खणायला लावत, मीठ आणि कोळसा भरत, आणि तांब्याची जाड प्लेट पुरत. मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता गुपचूप मातीत जावा म्हणून. त्याशिवाय ते मेन स्विच चालूच करत नसत. एकदा एका पुढाऱ्याच्या घरचं लग्न त्यांनी अर्थिंगपायी संध्याकाळपर्यंत अंधारात ठेवलं होतं.

स्वतःच्या घराकडे मात्र त्यांचं लक्ष नसे. हे घर अठ्ठ्याऐंशी साली बांधलं, आणि मोरीतला बल्ब पुढची पाच वर्षं नुसत्या तारेला लोंबत होता. "घरचंच काम हाये, करू कवाही," असं म्हणायचे. बाया हसायच्या. तानाबाईही हसायच्या.

दुपार चढली. खड्ड्यात लखन छातीपर्यंत गेला, मग नुसतं डोकं दिसू लागलं. बादलीला दोर बांधून तो माती वर देई, आणि तानाबाई नको म्हटलं तरी ती ओढत. बाजूला काळ्या मातीत कोळशाचे तुकडे दिसायला लागले.

"काकू, कोळसा लागला! आता आलीच." खालून आवाज आला. "तुमाले मालूम हाये का, काकाजी हरेक प्लेटवर तारीख ठोकत. खिळ्यानं, ठिपक्या-ठिपक्यानं. मी छ्याण्णव साली आलो त्याईच्याकडं. तवापासून अडीचशे प्लेटा पुरल्या असतीन संगं. मी म्हनो, काकाजी, कोन पाह्यते जमिनीतलं? तं म्हनत, जमीन पाह्यते."

व्हरांड्यात काठी पडल्याचा आवाज झाला. तानाबाईंनी वळून पाहिलं. घनश्यामरावांनी ती उचलायला हात खाली नेला नव्हता. ते खड्ड्याकडे पाहत होते.

प्लेट वर आली ती हिरव्या शेवाळासारख्या थरात गुरफटलेली. पोळपाटाएवढी, चौकोनी, जड. लखन शिडीनं वर येऊन धापा टाकत बसला.

"अठ्ठ्याऐंशीची असन. घर बांधलं तवाची," कपाळ पुसत तो म्हणाला. "वाचा बरं काकू, माहा चष्मा गाडीत राह्यला."

काही दिसत नव्हतं. तांबं म्हटल्यावर तानाबाईंना राहवलं नाही. त्यांनी सुनेला हाक मारून चिंच मागवली. प्रेरणानं वाटीत भिजवलेली चिंच आणून दिली आणि ती पोळ्या टाकायला आत गेली. देवघरातलं ताम्हण रोज घासतात तशी त्यांनी ती प्लेट मांडीवर घेतली आणि चिंचेचा कोळ कोपऱ्यापासून चोळायला लागल्या. हिरवा थर सुटला, खालून गुलाबी तांबं उजळत आलं. अंगठ्याखाली ठिपके लागले. त्यांनी पाणी ओतलं.

२३.५.९३.

त्यांनी पुन्हा चिंच घेतली आणि पुन्हा चोळलं. आकडे आणखी स्वच्छ झाले.

लेक सुरभी बारा मेला गेली होती. त्र्याण्णवच्याच. नऊ वर्षांची.

त्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी तानाबाई पोथीला बसल्या होत्या. सात दिवसांचा संकल्प होता आणि अध्याय संपेपर्यंत बोलायचं नव्हतं. बाहेर ऊन रणरणत होतं. पोर नहाणीतून पाय ओले करून आली आणि दारात उभी राहिली. "आई, कूलर कोरडा पडला." त्यांनी मान हलवली. "आई, पाणी टाकू?" त्यांनी तोंडानं शब्द न काढता बोट दाखवलं. बादलीकडे. पोर आनंदानं पळाली. कूलरचा पत्रा तिनं एका हातानं धरला असावा. त्यात करंट उतरला होता.

त्यानंतर कितीतरी दिवस तानाबाई ते बोटच पाहत बसत. जपाच्या माळेला तसंही ते बोट लावायचं नसतं. "माह्या हातानं गेली," त्या येईल त्याला सांगत. घनश्यामराव त्यावर एकदाच बोलले होते. भिंतीकडे पाहत म्हणाले होते, "ओले हात होते तिचे." एवढंच. आठवडाभरातच भाऊ त्यांना वणीला घेऊन गेला. महिन्यानं परत आल्या तेव्हा अंगणात तुळशीचा ओटा नवा दिसला. "जुना खचला होता," घनश्यामराव म्हणाले आणि त्यांनी नळी दाखवून अर्धा तांब्या मागितला. तानाबाईंनी तेव्हापासून दुपारचं जेवण अळणी केलं. प्रत्येक व्रताला उद्यापन असतं. याला ते काय असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बारा. तेवीस. मध्ये अकरा दिवस.

म्हणजे त्या बारा तारखेला या ओट्याखाली काहीच नव्हतं. गावभर होतं, इथं नव्हतं.

चिंचेच्या बिया तळहातात रुतल्या तेव्हा मूठ किती घट्ट आवळली आहे ते त्यांना कळलं. प्लेट दोन्ही हातांत धरून त्या उठल्या. गुडघे वाजले. व्हरांड्याच्या पायऱ्या तीनच होत्या. ही घनश्यामरावांच्या मांडीवर ठेवायची. बोलायचं काही नाही. नुसती ठेवायची, आकडे वर करून. दुसऱ्या पायरीवर त्या आल्या आणि थांबल्या.

घनश्यामराव त्यांच्याकडेच पाहत होते. गेलेल्या बाजूच्या डोळ्यातून नेहमीसारखं पाणी गळत होतं, पण आज दुसराही भरला होता. आणि त्यांनी डावा हात पुढे केला होता. तळवा उताणा. शाळेत छडी खाताना पोरं धरतात तसा. त्यांनी तो मागे घेतला नाही.

"काकू," लखननं अंगणातून विचारलं, "लागली का तारीख? कोनतं साल हाये?"

तानाबाई खोटं बोलत नसत. हा काही नेम म्हणून घेतलेला नव्हता. इतर नेमांत तो आपोआप येतोच. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं.

"अठ्ठ्याऐंशी," त्या म्हणाल्या.

"पाहा! मी म्हनलं नोतं! काकाजीचं काम म्हंजे काम." लखन खूश झाला. "तांबं भारी हाये काकू. ठेवून द्या, नाही तं भंगारवाला..."

"नाही." त्या वळल्या. प्लेट उलटी करून त्यांनी त्याच्याकडे दिली. "नव्याच्या बुडाशी ठेव. अशीच, पालथी. त्याईच्या हातचं हाये, तिथंच राहू दे."

"काही कामाची नाही आता ते."

"राहू दे, बावा."

लखननं खांदे उडवले आणि शिडी सरळ केली. तानाबाईंनी पडलेली काठी उचलून खुर्चीला टेकवून ठेवली. तो उताणा हात अजून तसाच होता. त्यांनी तो मिटवला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

जेवायला प्रेरणानं टेबलावर पानं मांडली. आजारपणापासून डॉक्टरनं घनश्यामरावांचंही मीठ तोडलं होतं, त्यामुळे एकाच पातेल्यातलं अळणी वरण दोघांना चाले. मिठाची वाटी प्रेरणाच्या ताटापाशी असे.

तानाबाईंनी भात कालवला आणि चमचा नवऱ्याच्या ओठांपाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही.

"घ्या."

घनश्यामरावांचा डावा हात टेबलावर आला. पाण्याच्या पेल्याला धक्का लागला, तो प्रेरणानं धरला. बोटं सरकत सरकत मिठाच्या वाटीपर्यंत गेली. वाटी पकडता येईना, म्हणून त्यांनी ती बोटांच्या पेरांनी ढकलली. थोडी. मग आणखी थोडी. मीठ काठावरून सांडलं. वाटी तानाबाईंच्या ताटाला टेकली तेव्हा ते थांबले.

"आई, बाबांना मीठ पाहिजे वाटते," प्रेरणा म्हणाली. "डॉक्टर तर नाही म्हणाले ना?"

"त्याईले नाही पाहिजे."

प्रेरणा पोळ्या आणायला उठली.

बाहेर लखन खड्ड्यात माती लोटत होता. तानाबाईंनी ते बोट, उजव्या हाताचं, सांडलेल्या मिठावर टेकवलं. चार कण चिकटले. ते त्यांनी आपल्या ताटातल्या वरणात सोडले आणि हलक्या हातानं ढवळलं.

आता चमचा पुढे केला तेव्हा घनश्यामरावांनी तोंड उघडलं. ते हळूहळू, एका बाजूनं चावत राहिले. घास पूर्ण उतरेपर्यंत त्या थांबल्या, आणि मग त्यांनी स्वतःचा घेतला.