तळहाताने ऐकणारा माणूस

सात वर्षे मी माझा एक दोष दुसऱ्याच्या हाती ठेवून निर्धास्त वावरलो. तो हात मला आठवतो तो पालथा: मार्गशीर्षाच्या कोवळ्या उन्हात, चालू गाडीच्या बॉनेटवर अलगद विसावलेला, पेरापेरांत ग्रीस मुरलेला, मोरेश्वरभाऊंचा.

उमरोळीच्या चिकूवाडीतून ते रोज सकाळी सरावलीतल्या आपल्या गॅरेजात येत. गाडी उभी, पेडलवर पाय नाही, इंजिन नुसतेच चालू. त्या निरुद्योगी क्षणांतच यंत्राचा खरा स्वभाव प्रकटतो, अशी त्यांची श्रद्धा होती. वेगात सगळ्याच गाड्या शहाण्या वाटतात. निरोगी इंजिन गोठ्यातल्या गाईच्या रवंथासारखे संथ, समतोल घुमते. आजारी इंजिनाचा सूर मात्र आपणहून चढतो, ओसरतो, पुन्हा चढतो, एसी लावताच कण्हतो आणि गाडी थांबता थांबता अकस्मात विझतो. हे सारे चढउतार, वाऱ्याची लहर खाडीच्या पाण्यावर उमटावी तसे, त्यांच्या मिटल्या पापण्यांवर उमटत.

“भाऊ, गाडीची नाडी बघताय?” खोळंबलेला एखादा टेम्पोवाला छेडी.

“नाडीच. थांब, मग तुजी बघतो,” डोळे न उघडता भाऊ म्हणत.

मी तारापूरच्या एका रसायन कारखान्यातला, नियंत्रण कक्षात आयुष्य घालवलेला माणूस. काटा जागेवर असला की जग जागेवर आहे, ही आमची निष्ठा. माझी गाडी थांबताना बंद पडू लागली, तेव्हा भाऊंनी इंजिनाला हवा सोडणारी झडप उघडून तिच्या कडेची काजळी पुसली. “दोन दिस आवाज खाली-वर होईल,” ते म्हणाले. “गाडीला नवा श्वास शिकू दे. हात लावू नका.”

“पण इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हलतोय, भाऊ.”

“काटा बघून जेवता काय, सायेब? भूक पोटाला इचारा.”

मी पोटाला विचारले नाही. त्याच संध्याकाळी अंगणात बॉनेट उघडून मी झडपेचा स्क्रू फिरवला. तो कुणी हलवू नये म्हणून त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता, तो फुटला. काटा मला हव्या त्या रेघेवर येऊन स्थिरावला आणि मी कृतार्थ झालो. दोन दिवसांत गाडीचा सूर पार बिथरला, आणि तारापूरच्या रस्त्यावर ती मधोमध बंद पडली.

मग, एरवी कुजबुजल्यासारखा बोलणारा मी, गॅरेजात पाच-सहा गिऱ्हाइकांदेखत कडाडलो, “तुम्हीच बिघडवलीत माझी गाडी.” भाऊंनी बॉनेट उघडले. त्यांचे बोट फुटक्या ठिपक्यावर क्षणभर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. संध्याकाळच्या उन्हासारखी ती दृष्टी तापहीन होती, आणि म्हणूनच असह्य.

“माजाच हात चुकला आसंल,” ते म्हणाले.

माझी लाज झाकण्यासाठी त्यांनी स्वतःची कीर्ती पांघरूण म्हणून पसरली, आणि मी त्याखाली मुकाट शिरलो. त्या गिऱ्हाइकांत आमच्या कारखान्याच्या गाड्यांची देखभाल पाहणारे व्यवस्थापकही होते. महिन्याभरात त्या गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. मागोमाग बोलवा पसरली की भाऊंचा हात आता पूर्वीचा उरला नाही.

सात वर्षांनी, या हिवाळ्यात मी पुन्हा गेलो, तेव्हा भाऊ गाडी तपासण्याच्या यंत्राच्या पडद्यावरचे आकडे वाचत होते. उजवा हात खिशात होता. “बॉनेटवर हात ठेवला की लोक हसतात,” ते सहज म्हणाले. समोर इंजिन घुमत होते, आणि त्याला ऐकणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या व्यवस्थापकांना आग्रहाने सोबत घेऊन, गिऱ्हाइकांची गर्दी असते त्या वेळी, मी गॅरेजच्या अंगणाच्या मध्यभागी उभा राहिलो. काळ निघून जातो. त्याने नेलेल्या गोष्टीची रिकामी जागा मात्र स्मृतीत ऊबदार राहते, जणू हात नुकताच उचलला गेला आहे. मी आवाज चढवला, आयुष्यात दुसऱ्यांदा:

“मोरेश्वरभाऊ, तो स्क्रू मी फिरवला होता. तुम्हाला ते कळले होते, तरी तुम्ही माझे नाव राखले आणि मी तुमचे घालवले. मला क्षमा करा.”