बकेटखालचा ओंडका

"कोपर लागलं म्हणे लिव्हरला! अहो, इंजीन बंद, माणूस खाली उतरलेला. मग कोपर काय सीटवर काढून ठेवलं होतं त्याने?"

ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवणाऱ्या ताईचा पारा चढला की तिच्या हातात पाना असायचाच, आणि समोरचा आपोआप दोन पावलं मागे सरकायचा. आज मुकादम सरकला. काल याच ट्रॅक्टरच्या लोडरची बकेट, म्हणजे पुढचं माती उचलायचं लोखंडी सूप, रखवालदाराच्या पायावर आली, दोन बोटं मोडली, आणि मुकादमाने सगळं खापर ड्रायव्हरवर फोडलं. ड्रायव्हर म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ. मालकाने त्याला सांगूनही टाकलं, उद्यापासून येऊ नकोस. अकरा वर्षं राबलेल्या माणसाला! आणि हा बाबा खाली मान घालून उभा.

"बोल की रे! मूग गिळून काय बसलास?"

मग ताईनेच कंबर कसली. तिने बकेट छातीपर्यंत उचलली, खाली वीतभर अंतर सोडून टेकूचे लोखंडी घोडे लावले, इंजीन बंद केलं. "मालक, लिव्हरपाशी तुम्हीच उभे राहा. बघू कोणाचं कोपर लागतंय." सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर तिने खडूची रेघ ओढली. कोणी हात लावला नाही, तरी रेघ हळूहळू आत गेली आणि बकेट घोड्यांवर येऊन टेकली.

तेवढ्यावर ती थांबणारी नव्हती. डाव्या सिलिंडरची दांड्याकडची नळी तिने सोडली, नळीला बूच मारलं, बकेट पुन्हा वर नेऊन इंजीन बंद केलं. "आतलं सील धड असेल, तर आता या उघड्या तोंडातून थेंब येता कामा नये." तिथून तेल येतच राहिलं, थांबायचं नावच घेईना. "तेल अडवणारं सीलच गेलंय. आणि हे कालचं नाही, फार जुनं दुखणं आहे. मग इतके दिवस बकेट पडली कशी नाही?"

खुर्चीवर पाय लांब करून बसलेला रखवालदार म्हणाला, "खाली ओंडका लावतो ना आम्ही. कायमच. काल मुकादमांनी तो फाटक अडवायला नेला."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं!" ताईचा आवाज चिरकला. "सील बदलायचं सोडून लाकडाला कामावर ठेवलंत? लाज कशी वाटत नाही? कोणत्या दीडशहाण्याची ही अक्कल? आणा तो ओंडका इकडे!"

"ताई, राहू दे ना," भाऊ पहिल्यांदा बोलला.

"गप बस तू!"

मुकादमाने ओंडका आणून टाकला. बकेटची कड बसेल अशी वर नीट खाच पाडलेली होती. ताईने तो पालथा केला. बुडाशी लाल रंगात लिहिलं होतं, 'सील येईपर्यंत'. अक्षर तिचंच होतं. दोन वर्षांपूर्वी तिनेच गॅरेजात तो कापून दिला होता, आठ दिवस चालव म्हणाली होती, आणि साफ विसरून गेली होती. सील केव्हाच आलं होतं. ते तिच्याच गॅरेजात फळीवर धूळ खात पडलं होतं.

"मालक," ती म्हणाली, "हा दीडशहाणपणा माझा. याला काढू नका." मग भावावर खेकसली, पण डोळे भरून आले होते. "मूर्खा, माझं नाव सांगायला काय झालं होतं?"

"मग तुझ्याकडे दुरुस्तीला ट्रॅक्टर कोणी आणला असता?" तो म्हणाला.