डायनामोवर खापर

दादाने चहाचा कप बशीत ठेवला, घसा खाकरला, आणि ताई सावध झाली. दादा खाकरला म्हणजे नवी कल्पना आलीच.

"मागची चाकं मोठी," दादा म्हणाला, "आणि पुढची लहान. आलं का लक्षात?"

"नाही."

"अगं, म्हणजे गाडी कायम उतारावर! उतारावर गाडी आपोआप पळते की नाही? निम्मी बॅटरी वाचली!"

"असं होय," ताई म्हणाली. "मग उंच टाचांच्या चपला घातल्या की बायका आपोआप धावत सुटत असतील."

ओट्यापाशी उभ्या असलेल्या वहिनीने हसू दाबलं आणि उगाचच कपाट उघडून बंद केलं. "अहो, चहा निवतोय तुमचा," ती नवऱ्याला म्हणाली.

दादाचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांच्या डोळ्यांचे नंबर तो बिनचूक काढायचा, ते कोणीही कबूल करेल. पण धाकट्या बहिणीने आपल्या ड्रायव्हिंग स्कूलसाठी इलेक्ट्रिक गाडी घेतली, घराच्या पोर्चमध्ये चार्जिंगला लावली, आणि त्या दिवसापासून या गृहस्थाच्या डोक्यात जो किडा शिरला तो बाहेर यायचं नाव घेईना. आधी म्हणे टपावर पंखे लावायचे. गाडी पळाली की पंखे फिरणार, पंखे फिरले की वीज तयार होणार, आणि त्या विजेवर गाडी पळणार. ताईने समजावून सांगितलं, "अरे, पंखे फिरवायलाही गाडीला जोर लावावा लागतो. बॅटरीच्या डाव्या खिशातलं काढून उजव्या खिशात घालतोयस, आणि दोन्ही खिसे फाटके." तर दादाने तिच्याकडे असं बघितलं, की जणू जगातले सगळे मोठे लोक बहिणींमुळेच मागे राहिले. मग आल्या सीटखालच्या स्प्रिंगा. खड्डा आला की माणूस उडणार, माणूस आदळला की वीज. "जाड माणसांना फीमध्ये सूट द्यावी लागेल," ताई म्हणाली, तर याने ते गंभीरपणे डोक्यात ठेवलं. हसावं की रडावं?

ही सगळी थेरं ताईने एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून दिली असती. पण या खेपेला मामला वहिनीचा होता.

वहिनीला लायसन्स हवं होतं. हौस म्हणून नव्हे. जवळच्या डायलिसिस सेंटरला पेशंटना घरून आणण्या-सोडण्यासाठी व्हॅन चालवणारं माणूस पाहिजे होतं, आणि तिथल्या मॅनेजरबाईंना वहिनी पसंत पडली होती. आयुष्यभर दुकानात बसून काचा पुसल्या, आता चार रस्ते बघू द्या, असं ती म्हणायची. मोठ्याने नाही, पण म्हणायची. एकदा टेस्ट नापास झाली होती. बाईंनी महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवली होती, त्यापुढे नाही.

आणि नेमक्या त्याच दिवसांत दादाने डायनामो काढला. जुन्या सायकलचा, मागच्या चाकाला घासत फिरणारा. त्याची वायर थेट स्टिअरिंगजवळच्या एका टिचभर बल्बला. चाक फिरलं की बल्ब पेटणार, म्हणजे सिद्ध झालं!

"काय सिद्ध झालं?" ताई कडाडली. "ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ही गाडी स्वतःच थोडी वीज परत घेते. कंपनीने ते आधीच करून ठेवलंय. तू फक्त चाकाला लोढणं बांधतोयस. माझ्या गाडीला हात लावायचा नाही!"

दादा रुसला. जेवण सोडलं. म्हणजे ताटावरून उठायचा आणि मागाहून डब्यातलं काहीबाही खायचा, पण रुसवा तो रुसवाच. शेवटी वहिनीच काकुळतीला आली. "लावू द्या हो ताई, थोडे दिवस. घरात कसं स्मशानासारखं वाटतंय."

ताईने कपाळावर हात मारून घेतला आणि डायनामो लागला.

दोन आठवडे वहिनी तसल्या गाडीवर शिकली. बल्ब एकदाही पेटला नाही. ताईला त्याचा फार आनंद झाला. दादा रोज दारातच विचारायचा, "पेटला?" आणि वहिनी चपला काढता काढता म्हणायची, "पेटला हो, मिणमिणता." ताई मात्र गालातल्या गालात हसायची. वीज शून्य आणि चाकाला ओढ तेवढी फुकट! बाकी वहिनीचा हात छान बसला होता. वळणं सुरेख, पार्किंग नेटकं, आणि पांढऱ्या रेषेवर गाडी अशी अलगद थांबायची की शेजारी बसलेल्या ताईला समाधान वाटायचं. शिकवावं तर असं.

टेस्टच्या दिवशी सकाळी ताईने पाना घेतला आणि डायनामो उपटून काढला. इन्स्पेक्टरने ते ध्यान पाहिलं असतं तर गाडीच परत पाठवली असती. बोल्ट नुसत्या बोटांनी सुटले. याला साधा बोल्टही आवळता येत नाही, आणि हा गाड्या सुधारणार!

मैदानावर इन्स्पेक्टर वहिनीच्या शेजारी बसला. ताई भिंतीपाशी बाकीच्या शिकणाऱ्यांबरोबर उभी राहिली. वहिनीने गाडी वळवली, मागे घेतली, सगळं व्यवस्थित. मग शेवटची पांढरी रेषा आली. वहिनीने पाय उचललेला ताईला लांबूनही कळला, कारण गाडी जराशी मंदावली. पण थांबली नाही. रेषेवरून सरकत सरकत पुढे गेली आणि लाल-पांढऱ्या शंकूला आडवं करून मग आचका देत उभी राहिली.

नापास.

घरी पोचेपर्यंत ताईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता आणि दारात दादा दिसताच तो सुटलाच. "झालं समाधान? तुझ्या त्या डबड्यामुळे पाय उचलला की गाडी थांबायची. हिला ब्रेक मारायची सवयच लागली नाही! अरे, बायकोच्या पोटावर पाय दिलास तू. नोकरी हातात आलेली गेली. आता बस पंख्यांना फुंकर मारत!"

दादा खुर्चीत बसून राहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला वाटलं, पुढे मागे त्या व्हॅनला लावता येईल," तो पुटपुटला. "हिला रस्त्यात चार्जिंग संपून अडकायला नको, म्हणून." त्याचे डोळे भरून आले होते. ताईला वाईट वाटलं, पण रागाच्या भरात तिने ते बाजूला सारलं.

"ताई," वहिनी म्हणाली, "पुरे."

ती अजून दारातच उभी होती, पर्स खांद्याला.

"तो डायनामो चाकाला लागतच नव्हता. पहिल्याच दिवशी मी बोल्ट ढिले करून त्याला मागे सरकवला. किती कर्कश घासायचा तो! यांना सांगितलं असतं तर पुन्हा रुसले असते, आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही यांना वर्षभर ऐकवलं असतं."

"मग बल्ब..." दादा म्हणाला.

"नाही पेटला हो. एकदाही नाही. खोटं बोलले मी."

"काहीतरीच," ताई म्हणाली. "मग दोन आठवडे गाडी थांबवत कोण होतं?"

वहिनीने पर्स खांद्यावरून उतरवली. मग म्हणाली, "चला माझ्याबरोबर."

पोर्चमध्ये जाऊन तिने गाडीची दोन्ही पुढची दारं उघडली. शिकवणाऱ्याच्या बाजूला एक जादा ब्रेक असतो, अडीअडचणीला मारायला. त्या पेडलचं रबर झिजून पार गुळगुळीत झालं होतं. शिकणाऱ्याच्या बाजूच्या ब्रेकच्या पेडलवर अजून सगळ्या रेघा जशाच्या तशा होत्या.

"मी परत येताना हेच बघत होते," वहिनी म्हणाली. "तुम्ही मला एकदाही गाडी थांबवू दिली नाहीत, ताई. आणि मी वेडी, मला वाटायचं मलाच जमतंय."

ताईने तोंड उघडलं. तिला म्हणायचं होतं की हे रबर मुळातच खराब आलं असेल, की कंपनीची चूक असेल, की... मनातल्या मनातही आपलंच बोलणं तिला दादासारखं वाटलं, आणि तिने तोंड मिटलं.

महिना संपायच्या आत आणखी एकच टेस्ट मिळाली. तोवर वहिनीने रोज सकाळी रिकाम्या मैदानात गाडी चालवली, आणि ताईला मागच्या सीटवर बसवलं. पहिल्या दिवशी गाडीला इतके आचके बसले की ताईचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. तिने सवयीने ब्रेक मारल्यासारखा पाय खाली दाबला तर पुढून आवाज आला, "पाय, ताई." तिने पाय वर घेतला. तिसऱ्या दिवशी आचके कमी झाले, नंतर बंद झाले. टेस्टला गाडी रेषेच्या हातभर अलीकडे थांबली. वहिनीने उतरल्या उतरल्या सेंटरला फोन लावला, मग दादाला, आणि दादा फोनवर इतक्या मोठ्याने ओरडला की इन्स्पेक्टरसुद्धा हसला.

ताई भिंतीपाशीच थांबली. तिची दुसरी विद्यार्थिनी तिथे वाट बघत होती. ही मुलगी टेस्टला दोनदा रेषेवरूनच पुढे गेली होती, आणि दोन्ही वेळा ताईने चारचौघांत तिला भित्री म्हटलं होतं. तिच्या आधीच्या कितीतरी जणींना म्हटलं होतं.

ताईने गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसली. "चल, एक फेरी मारू."

मुलगी स्टिअरिंगवर बसली, पट्टा लावला, आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून गोंधळून मागे वळली.

"ताई, तुम्ही मागे बसलात तर ब्रेक कोण मारणार?"