मुळासकट

झाडं तोडण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. भाव सांगण्यात मात्र माझी अशी ख्याती आहे, की बायको मला धंद्याचा फोन उचलू देत नाही. त्या दिवशी नेमकी ती अंघोळीला गेली होती.

फोन दातांच्या डॉक्टरीणबाईंचा होता. घरातच दवाखाना, आणि मागच्या अंगणातलं झाड छपरावर कललेलं. मी लगेच गेलो आणि फाटकातूनच मान वर करून पाहिलं. छपरामागून शेंडा दिसत होता. शेंडा तसा बारीकच होता.

"एका दिवसाचं काम," म्हणालो आणि आकडा सांगून मोकळा झालो.

"मागे येऊन बघत नाही?" बाईंनी विचारलं. "मी तोंड बघितल्याशिवाय दाताचे पैसे सांगत नाही."

"बाई, वीस वर्षं झाली या धंद्यात. झाडाचं नामोनिशाण राहणार नाही, बघाच तुम्ही!"

हे वाक्य मला फार आवडतं. सगळ्यांना ऐकवतो.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला घेऊन अंगणात गेलो. त्याने आधी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बुंधा आम्हा दोघांच्या कवेत मावत नव्हता. शिवाय अंगणाला बाहेरून वाटच नव्हती. प्रत्येक फांदी स्वयंपाकघरातून, तिथून पेशंट बसतात त्या खोलीतून न्यायची.

"दाजी, भाव किती सांगितलात?"

सांगितला. त्याने बोटांवर आपली मजुरी मोजून पाहिली आणि करवत उचलली.

"जरा पाय घ्या, जरा पाय घ्या" म्हणत आम्ही पेशंटांच्या मधून फांद्या ओढत होतो. गाल सुजलेले एक आजोबा एका हाताने गाल आणि दुसऱ्या हाताने दार धरून उभे राहिले. खरं तर त्यांनाही मजुरी द्यायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बुंधा जमिनीलगत कापला, भुसा झाडून काढला आणि छाती फुगवून बाईंना बोलावलं.

"छान," त्या म्हणाल्या. "आता हे कधी काढताय?"

"हे म्हणजे?"

"मूळ."

"बाई, मुळाचे पैसे वेगळे असतात. ते यात धरलेलं—"

"दात काढला म्हणजे मूळही आलंच ना? अर्धा दात तोंडात ठेवून मी कुणाला घरी पाठवत नाही. आणि नामोनिशाण राहणार नाही, असं कोण म्हणालं होतं?"

तीन दिवसांत मेहुणा पहिल्यांदा हसला.

माझ्याच तोंडचं वाक्य माझ्यावर उलटलं होतं. पहार उचलली. मूळ निघायला आणखी दोन दिवस गेले आणि माझी कंबरही गेली. निघताना बाईंनी मेहुण्याच्या हातात दोन दिवसांची जादा मजुरी ठेवली. माझ्या हातात एक कोरा फॉर्म दिला. दात काढण्याआधी त्यावर पेशंटची सही घेतात: काय होईल, काय होणार नाही, किती दुखेल.

बायकोने तो फॉर्म दोनदा वाचला आणि आमचा तसाच बनवला. नऊ मुद्दे. मूळ धरलेलं नाही. लाकूड तुम्हीच हलवायचं. झाड गेल्यावर ऊन थेट खोलीत येईल. शेजाऱ्यांच्या न्हाणीघराची खिडकी समोर दिसू लागेल, त्याला आम्ही जबाबदार नाही.

पुढचं गिऱ्हाईक होतं एक निवृत्त पोस्टमास्तर. मी झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या, टेप लावून घेर मोजला, फांद्या बाहेर न्यायला वाट आहे का ते पाहिलं, भाव सांगितला आणि नऊच्या नऊ मुद्दे खणखणीत वाचून दाखवले. त्यांनी आपल्या बायकोला बाहेर बोलावून मला पुन्हा वाचायला लावलं. दोघं आत जाऊन कुजबुजले.

"राहू दे हो," बाहेर येऊन पोस्टमास्तर म्हणाले. "इतकी वर्षं उभं आहे. असू दे आणखी थोडं."

घरी येऊन सगळं सांगितलं.

"पण भाव बरोबर सांगितलास ना?" बायकोने विचारलं.

"अगदी बरोबर!"

काम हातचं गेलं होतं, तरी हे सांगताना माझी मान ताठ होती. बायकोने पेन घेतलं आणि फॉर्ममधल्या न्हाणीघराच्या खिडकीवर काट मारली.