सासूबाईंची चेन, जावयाची बॅग

सासूबाईंचा चेनचा कारखाना होता आणि जावयाचा बॅगांचा. बॅगेला चेन लागतेच, त्यामुळे लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांना ही सोयरीक फारच सोयीची वाटली होती.

मग परदेशी चेन आली. ती इतकी स्वस्त, की तेवढ्या पैशात सासूबाईंना नुसती पितळेची तारसुद्धा मिळत नव्हती. जावयाने गुपचूप तीच घ्यायला सुरुवात केली. सासूबाईंच्या कानावर ते आलं, पण जावई पडला, बोलायची सोय नाही. त्यांनी सरळ सरकारचं दार ठोठावलं: परदेशी चेनवर कर बसवा.

सुनावणीला सरकारी समितीच्या साहेबांसमोर दोघे बसले. मध्ये लेक.

"साहेब, माझ्याकडे पन्नासएक बायका काम करतात," सासूबाई म्हणाल्या. "ते लोक मुद्दाम तोटा खाऊन विकतायत. आम्ही बुडालो की मनाला येईल तो भाव लावतील. बाळ चालायला लागेपर्यंत बोट धरावंच लागतं."

"आई, बाळाला मिशा फुटल्यात," जावई अदबीने म्हणाला. "सासरेबुवांनी हा चेनचा कारखाना काढला तेव्हा मी शाळेतसुद्धा नव्हतो. आणि साहेब, यांची चेन निम्म्यात अडकते. गिऱ्हाईक शिव्या मला घालतं."

"जावईबापू, ओढायचीही एक पद्धत असते."

साहेबांना हसू आवरलं नाही. पण कर बसला.

सासूबाईंनी लगेच भाव वाढवला. नवं यंत्र घेते, असं त्यांनी समितीला सांगितलं होतं; घेतला तो केबिनला एसी. लेकीने विचारलं तर म्हणाल्या, "घेईन गं. आत्ता कुठे जरा श्वास घेतेय." चेन निम्म्यात अडकतच राहिली.

इकडे जावयाच्या बॅगा महागल्या. तेवढ्यात एका व्यापाऱ्याच्या लक्षात आलं, की कर चेनवर आहे, बॅगेवर नाही. त्याने चेन लावलेल्या अख्ख्या बॅगाच परदेशातून मागवल्या. बाजार भरून गेला. जावयाने निम्म्या शिलाई मशिनी झाकून ठेवल्या आणि चेन घेणं बंद केलं. सासूबाईंची न खपलेली खोकी केबिनच्या दारापर्यंत आली.

पुन्हा सगळे साहेबांसमोर. या वेळी सासू-जावई एका बाजूला.

"परदेशी बॅगांवर कर बसवा, साहेब," जावई म्हणाला. "बाळाचं बोट धरा."

"मागे तर म्हणाला होतात, बाळाला मिशा फुटल्यात."

"ते यांचं बाळ. माझं अजून रांगतंय."

"फार अशक्त आहे हो," सासूबाईंनी मान डोलावली.

साहेब म्हणाले, "बसवतो. पण बाई, आधी नवं यंत्र आणा. नाहीतर दोन्ही कर काढून टाकीन."

सासूबाई यंत्र शोधायला निघाल्या. देशी यंत्र पाहिलं. ते आवाज भरपूर करत होतं, चेन मात्र क्वचित. परदेशी यंत्र झकास होतं, पण त्यावर जबरदस्त कर. देशी यंत्रवालाही समितीपुढे रडून आला होता.

"हा काय न्याय झाला?" घरी येऊन त्या कडाडल्या. "त्या एका आळशाला पोसायला आम्ही का जास्त मोजायचं? त्याने सुधारावं की जरा!"

लेक हसून हसून खाली बसली. जावई मात्र गंभीर होता.

"आई, माझं पहिल्या सुनावणीचं भाषण देऊ का? दोनचार शब्द बदलले की झालं."

"द्या."

समितीपुढे भाषण चांगलं झालं, उपयोग शून्य. शेवटी सासूबाईंनी पाटल्या मोडल्या आणि कर भरून परदेशी यंत्र आणलं. चेन लोण्यासारखी सरकू लागली. साहेबांनी परदेशी बॅगांवर कर बसवला आणि जावयाच्या मशिनींवरची फडकी निघाली. फक्त ज्या बायकांसाठी हा सगळा खटाटोप झाला होता, त्यांतल्या निम्म्यांना नव्या यंत्रापुढे कामच उरलं नाही.

"गेल्या कुठे गं त्या?" महिन्याभराने सासूबाईंनी लेकीला विचारलं.

"त्या व्यापाऱ्याच्या गोदामात. कर भरूनसुद्धा त्याच्या बॅगा खपतायत. या पुसून रचून ठेवतात."

सासूबाईंना खरंच वाईट वाटलं.

"पगार तरी बरा देतो का?"

"तुझ्यापेक्षा बरा."

"असं?" सासूबाईंनी चष्मा लावला. "मग त्या गोदामांवरही काहीतरी बसवायला हवं."