वच्छलाच्या जिवावरचा बेल

वच्छलाबाईच्या जिवावर शपथ वाहिली गेली, तेव्हा ती स्वतः धानाच्या बांधीत, खाचरातल्या चिखलात वाकून रोवणा करत होती, एकेक रोप लावत. संध्याकाळी घरी येऊन पायाचा चिखल धुते, तर नवरा म्हणतो, "आज आपल्या मनिरामनं बेल उचलला."

"कायचा?"

"दारू नाई, गांजा नाई. जलमभर."

"बरं झालं. कोनाच्या जिवावर?"

केशोरावाने टोपी खुंटीला अडकवली. "तुह्या. आनखी कोनाच्या?"

सालेकशाकडच्या त्यांच्या गावात शपथेची रीत सोपी होती. अंघोळ करायची, बेलाचं पान उजव्या हातात घ्यायचं, महादेवाचं नाव घ्यायचं आणि कोणातरी जवळच्याचा जीव पणाला लावायचा. बैलाच्या जिवावर कोणी शपथ वाहत नसे. उगाच काही बरंवाईट झालं तर रोवणा अडायचा. बायकोचं किंवा मायचं तसं नव्हतं. शपथेचं पान मग घरातल्या कोनाड्यात ठेवायचं. ते तिथे असेतोवर शपथ जिवंत.

केशोरावाला हे सुचलं त्याला कारण होतं. त्याचा मोठा भाऊ उदाराम मोहाच्या दारूपायी गेला. एका पावसाळ्यात तो बांधीतल्या पाण्यात पालथा सापडला होता, आणि ते पाणी गुडघ्याएवढंही नव्हतं. त्यात मनिरामला मिशी फुटू लागलेली. बाजाराच्या दिवशी दारूच्या भट्टीपाशी उभा असलेला तो कोणाच्या तरी नजरेस पडला होता. नुसता उभा होता. पण बापाच्या डोळ्यांपुढे तेच पाणी आलं.

वच्छलाने कोनाड्यातल्या पानाकडे एकदा पाहिलं आणि भात टाकला. आपला जीव कोनाड्यात ठेवलाय हे काही तिला फारसं जाणवलं नाही. जाणवलं ते श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारच्या भजनानंतर, मनिराम बोलेनासा झाला तेव्हा.

हा पोरगा मुळात बडबड्या. जेवताना बैलाचं सांगेल, बगळ्याचं सांगेल, दरेकशाच्या बोगद्यात गाडी शिरते तेव्हा इंजिन कसं ओरडतं ते तोंडाने करून दाखवेल. तो आता ताटात बोटं फिरवत बसायचा. मायने पाहिलं की मान खाली घालायचा.

"पोराले काय झालं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"सुधरला," केशोराव म्हणाला. "बेलाचा गुन हाये."

"असं सुधरते का कोनी? आजारी कोंबडं बसते तसा बसून राहते तो. पोरगा हातचा जाऊन राहिला, समजते का तुमाले?"

केशोरावाला समजलं नाही. तो खंजिरी घेऊन भजनाला निघून गेला.

त्या आठवड्यात वच्छलाला ताप भरला. रोवण्याच्या दिवसांत हुडहुडी भरून ताप येणं ही त्या मुलखात नवलाची गोष्ट नव्हती. ज्या बाईला एकदाही ताप येत नसे तिच्याकडेच लोक संशयाने पाहत. केशोरावाने तेव्हा टपालघरात मिळायची ती कुनैनची पुडी आणली, शेजारच्या जमुनाबाईने दोन गोधड्या घातल्या, आणि सगळे पुन्हा बांधीत गेले. मनिराम तेवढा गेला नाही. तो मायच्या बाजेजवळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाचा डोळा उघडला तो नाकाखाली काहीतरी गुदगुल्या करत होतं म्हणून. पाहते तर मनिरामचं बोट. डोळे मिटून, श्वास रोखून तो तिचा श्वास तपासत होता.

"काऊन रे, मेली का नाई ते पाहून राहिला?"

एवढं म्हणायचा अवकाश, की मिशी फुटलेला तो बाप्या बाजेच्या काठावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागला.

"माय, मी परसाद घेतला."

"मंग? परसाद घेतल्यानं कोनी रडते का?"

"भजनातला. दुधरामकाकानं चिलीम देल्ली. बाबूजी पानी प्याले गेलते. काका म्हने, घे बाबू, परसादाले नाई म्हनत नाई. मी घेतला. ठसका लागला तं सारे हासले. कोनीतरी म्हने, गांजा पयल्यांदा साऱ्यायलेच ठसकते. तवा मले समजलं."

"आदी नाई समजलं?"

"कसं समजन? बाबूजी परसादच म्हनते. तू बी परसादच म्हनते. घरात कोनी गांजा म्हनलंच नाई कधी."

वच्छलाने खुंटीकडे पाहिलं. तिथे केशोरावाची साफी वाळत होती. चिलमीच्या तोंडाला गुंडाळायचं हे ओलं फडकं. लग्न होऊन आल्यापासून दर मंगळवारी ती ते धूत आली होती, आणि शेजारणीने विचारलं तर 'परसादाचं फडकं' म्हणत आली होती. भट्टीवरचे लोक ओढत तो गांजा, आणि महादेवापुढे बसून ओढायची ती बुटी, तो परसाद. या घरात बेल उचलायला लावताना बापाने 'गांजा' म्हटलं, पण त्या नावाने पोराला तो घरात कधी दिसलाच नव्हता.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं मले?"

"सांगतलं तं शपथ मोडली असं होते. नाई सांगतलं तरी मोडलीच. आनं लगेच तुले ताप आला." त्याने नाक पुसलं. "काल राती मी दरेकशाच्या टेसनवर गेलतो. वाटलं, दूर गेलो तं शपथ माह्या मांगं मांगं येईन. तुले सोडन."

"मंग परत काऊन आलास?"

"गाडी आली नाई."

वच्छलाला हसू आलं आणि लगेच हुडहुडीही भरली. दोन्हींनी दात वाजले. रेल्वेवाल्यांना लोक एवढ्या शिव्या घालतात, त्या दिवशी तिने मनातल्या मनात त्यांना दंडवत घातला.

मग ती उठली. भिंत धरत कोनाड्यापाशी गेली आणि बेलाचं पान उचललं. नेमका तेव्हाच केशोराव बांधीतून आला. मनिराम उठून भिंतीला चिकटला.

"तू कायले उठली? आनं बेल कायले काढला?"

"माहा हाये. माह्या जिवावर वाह्यला ना?"

"शपथ मोडता येत नाई, वच्छला. बेल वाळला तरी शिळा होत नाई."

"मोडून नाई राहिली. माही वस्तू परत घेऊन राहिली. शेजारचं सूप न्याचं तं आपन इचारून नेतो. माहा जीव नेला, तवा कोनं इचारलं मले?" आणि तिने चिलमीची गोष्ट दोन वाक्यांत सांगून टाकली.

केशोरावाचा हात वर गेला. कोणावर उगारायचा हे त्याला ठरवता आलं नाही, दुधराम तर तिथे नव्हता, आणि हात तसाच डोक्यावरच्या टोपीकडे वळला.

"मी त्याच्या भल्यासाठीच केलं," तो म्हणाला. "दादासारखं होऊ नाई म्हनून."

"उदारामभाऊजीले बी तुमच्या मायनं बेल उचलाले लावलता. तिच्याच जिवावर."

केशोरावाने टोपी काढून हातात धरली.

"म्हनून ते लपून पेत. भट्टीवर नाई, घरी नाई, एकटे बांधीवर जाऊन. चार मानसात पेले असते तं पडल्यावर कोनी उचललं असतं. दारूनं मारलं असन, मी नाई म्हनत नाई. पन लपल्यानं बी मारलं."

हे त्या घरात आजवर कोणी बोललं नव्हतं. मेलेल्या माणसाविषयी आणि त्याच्या मायविषयी एका दमात बोलायला अंगात ताप असावा लागतो.

बोलून ती दमली आणि दाराच्या चौकटीला टेकली. पान हातातच होतं. दाराशी बांधलेल्या बकरीने मान लांब केली, आणि वच्छलाने हात मागे घेतला नाही. बकऱ्यांना बेलाचा पाला फार प्रिय. तिन्ही दळं एका घासात गेली.

"अवो! महादेवाचा बेल बकरीनं खाल्ला!" केशोराव ओरडला.

"महादेवानं तिले पाला खाचंच तोंड देल्लं. दोघं पाहून घेतीन." ती खाली बसली. "आता माहं आयक, मनिराम. पेऊ नोको, ओढू नोको, हे माहं म्हननं. पन पेलास तं घरी ये. सिद्दा घरी. बांधीत नोको पडू, टेसनवर नोको जाऊ. शिव्या देईन, झाडूनं मारीन, पन दार लावनार नाई. आनं मी मरनार नाई त्यानं. मराची तवा माह्या तापानं मरन."

"आनं मी?" केशोरावाने विचारलं. त्याला बहुधा विचारायचं होतं, की मी आता काय करू.

"तुमी पोराले जे नाव सांगता, तेच भजनात घेत जा. गांजाले गांजा म्हना."

पुढच्या सोमवारी केशोराव साफी शोधू लागला, तेव्हा वच्छला चुलीपाशी होती. ताप उतरून तोंडाला चव आलेली. "गांजाचं फडकं तिकडं खुंटीवर हाये," ती साध्या आवाजात म्हणाली. मनिराम ऐकत होता. केशोरावाने साफी घेतली, परत टांगली, परत घेतली. खंजिरी मात्र त्या दिवशी त्याने नीट धरली नाही, असं दुधराम सांगत होता. त्याने गांजा सोडला असं नाही. पण पोरासमोर खिशात घालताना त्याला आता ते फडकं जड वाटायचं.

श्रावण संपता संपता पोळा आला. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागला, तोरणाखालून जोड्या गेल्या, आणि दिवस मावळायच्या आत अर्धं गाव झिंगलं. त्या सणाला कोणी कोणाला बेल उचलायला लावत नसे.

मनिराम दिवेलागणीला आला. अंगणाच्या मधोमध येऊन थांबला. जरा जास्तच ताठ उभा होता.

"माय," तो म्हणाला, "पेलो. मोहाची."

केशोरावाने बैल हाकायची टोचणीची काठी, तुतारी, उचलली.

"बसा," वच्छला म्हणाली. ती पोराजवळ गेली, त्याचं तोंड हुंगलं. "कोनासंगं?"

"सुखराम. आनखी पोट्टे होते. त्यायनं हासून हासून पाजली... नाई, म्याच घेतली."

"वकारी येऊन राहिली का?"

"येईन असं वाटते."

"मंग गोठ्यामांगं चाल. आंगन सकाळीच सारवलं म्या."

तो तोंडावर हात धरून गोठ्यामागे पळाला. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला. तुतारी अजून केशोरावाच्या हातात होती. ती त्याने कुडाला टेकवली आणि लोटा भरून घेतला.

"दादाचं डोकं कोनी धरलं नाई," तो कोणाकडेही न पाहता म्हणाला, आणि गोठ्याकडे गेला.

वच्छलाने सकाळसाठी तांदळाची पेज चुलीवर ठेवली. पोराला द्यायच्या शिव्या तिने मनात ओळीने लावून ठेवल्या होत्या, त्यात एकदोन तर चांगल्याच जमल्या होत्या. पण त्या शुद्धीतल्या माणसाला द्यायच्या. पेजेत तिने मीठ थोडं जास्त घातलं आणि गोठ्याकडच्या बाजूचं दार उघडंच राहू दिलं.